फुटबॉल, संघाची आशा आणि कोविडची टेस्ट: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात महिलांचा आशियाई चषक आहे आणि भारताच्या गटात चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) आहे. २०२२ मध्ये याच स्पर्धेतून कोविडमुळे आपल्या मुली तैपेईशी न खेळताच बाहेर गेल्या होत्या, त्यामुळे हा ड्रॉ जाहीर झाल्यापासून तेव्हाचे जुने प्रश्न नव्यानं यायला लागलेत. टेस्टचं नेमकं काय झालं होतं, नियम काय होता, या वेळी आपलं जमेल का, आणि आपल्या पोरांच्या मॅचला हे सगळं कसं लावायचं? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथं एकत्र केलंय. संघांबद्दलची मतं माझी आहेत आणि ती स्पर्धेआधीची आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तपासणीबद्दल जे लिहिलंय ते आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) त्या काळातल्या सूचनांना आणि सर्वमान्य वैद्यकीय सल्ल्याला धरून आहे.

१. सोलापुरात फुटबॉल बघतं कोण? इथं तर सगळं क्रिकेट.

बघणारे भरपूर आहेत, फक्त विखुरलेले आहेत. पॉली उम्रीगर ज्या शहरात जन्मले तिथं क्रिकेटचा मान मोठा असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. कोल्हापुरात पेठा आणि तालमी फुटबॉलवर जगतात. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं. आपल्याकडे तशी परंपरा नाही, म्हणून आपला फुटबॉलवाला रात्री साडेबाराला मोबाईलवर एकटा मॅच बघतो आणि सकाळी सिद्धेश्वर मंदिराजवळच्या होम मैदानावर खेळायला जातो.

२. आपण कुठल्या क्लबला पाठिंबा द्यायचा? जवळ तर एकही नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर थोडं दुखरं आहे. पुण्यात एफसी पुणे सिटी होता, बालेवाडीला खेळायचा. हुतात्मा एक्सप्रेसनं जाऊन मॅच बघता यायची. २०१९ मध्ये तो बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. म्हणजे क्लब आपल्या पश्चिमेकडून उठून पूर्वेकडं गेला आणि सोलापूर बरोबर मधल्या वाटेवर राहिलं. पण सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते, सणावाराला हैदराबादकडं जाणं-येणं असतं. या भागातल्या पोरांनी हैदराबादला लगेच आपलं म्हटलं. २०२२ मध्ये हैदराबाद आयएसएल जिंकलं तेव्हा दत्तनगर-अशोक चौकाकडं जो आनंद झाला तो मनापासून होता. आता हैदराबादचा क्लबही दिल्लीला हललाय.

तेव्हा माझं उत्तर असं: क्लब ज्याला जो आवडेल तो धरा, पण राष्ट्रीय संघ धरून ठेवा, पुरुषांचा आणि महिलांचा दोन्ही. तो कुठं उठून जात नाही.

३. आरटीपीसीआर आणि रॅपिड, दोन्हींत फरक काय? प्रत्येक बातमीत वेगळं लिहिलेलं असतं.

दोन्हींना स्वॅब नाकातून किंवा घशातून घेतात. पुढचं काम वेगळं.

आरटीपीसीआरमध्ये विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. तो मशिनमध्ये पुन्हा पुन्हा दुप्पट करत नेतात, त्यामुळे अगदी थोडा असला तरी सापडतो. त्याला प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो. रॅपिड अँटिजेनमध्ये विषाणूवरचं प्रथिन शोधतात. पट्टीवर रेघ उमटते, १५ ते ३० मिनिटांत निकाल मिळतो, मशिन लागत नाही. पण प्रथिन भरपूर असेल तरच रेघ दिसते. जून २०२० मध्ये आयसीएमआरनं ज्या पहिल्या रॅपिड किटला परवानगी दिली, तिची पकड त्यांच्याच पडताळणीत ५०.६ ते ८४ टक्के आली होती. उलट बाजूनं, ज्याला लागण नाही त्याला निगेटिव्ह म्हणण्यात ती ९९.३ ते १०० टक्के बरोबर होती.

साध्या भाषेत सांगायचं तर रॅपिड पॉझिटिव्ह आली तर बहुतेक खरी. रॅपिड निगेटिव्ह आली तर नुसती तेवढ्यावर खात्री धरू नका. लक्षणं असतील आणि रॅपिड निगेटिव्ह असेल तर आरटीपीसीआर करा, ही सूचना तेव्हापासून होती. लीग आरटीपीसीआरवर का अडून बसायच्या याचं कारण हेच.

४. सकाळी टेस्ट निगेटिव्ह आली, मग संध्याकाळी खेळायला काय हरकत?

टेस्ट स्वॅब घेतला त्या क्षणाचं सांगते. लागण झाल्यावर पहिले काही दिवस विषाणू इतका कमी असतो की आरटीपीसीआरलाही सापडत नाही. म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं मे २०२० मध्ये सगळ्यांची आठवड्यातून दोनदा तपासणी सुरू केली. एकदाच केलेल्या निगेटिव्हवर त्यांनी मोहीम उभी केली नाही. पहिल्या फेरीत ७४८ जणांची तपासणी झाली, तीन क्लबांतले ६ पॉझिटिव्ह निघाले. ते सहा जण सरावाला गेले असते तर पुढच्या आठवड्यात आकडा काय झाला असता याचा विचार करा.

टेस्टचा खरा उपयोग ती पुन्हा पुन्हा करण्यात आणि निकाल लवकर मिळण्यात असतो. अगदी अचूक टेस्टचा निकाल तीन दिवसांनी हातात आला तर तोवर चमू एकत्र जेवलेला असतो, एकाच बसनं फिरलेला असतो. पुढचा प्रश्न वाचताना हे लक्षात ठेवा.

५. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मुलींचं नेमकं काय झालं? मॅच न खेळताच बाहेर कशा गेल्या?

स्पर्धा आपल्याच राज्यात होती. नवी मुंबई, मुंबई आणि पुणे. संघ बायो-बबलमध्ये होता, म्हणजे बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही. प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनरबी. स्पर्धेच्या तोंडावरच दोघी पॉझिटिव्ह निघून वेगळ्या ठेवल्या गेल्या. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० अशी बरोबरी झाली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी सामना होता. त्याआधीच्या तपासणीत एकदम मोठा आकडा आला. बारा जणी पॉझिटिव्ह.

आता हिशेब मांडा. चमू २३ जणींचा. बारा गेल्या, उरल्या अकरा. त्यातही काही दुखापतीतल्या. आशियाई महासंघाचा कोविडसाठीचा खास नियम होता की किमान १३ खेळाडू उपलब्ध असतील तर सामना खेळलाच पाहिजे, आणि १३ सुद्धा उभ्या करता आल्या नाहीत तर संघानं स्पर्धेतून माघार घेतली असं धरायचं. सामना पुढं ढकलायची सोय नव्हती. ठरलेल्या वेळी आपल्या मुली मैदानात आल्याच नाहीत. सामना रद्द झाला, भारत स्पर्धेबाहेर गेला आणि त्याबरोबर २०२३ च्या विश्वचषकाची वाटही बंद झाली, कारण हीच स्पर्धा विश्वचषकाची पात्रता होती.

विषाणू बबलच्या आत आला कसा? डेनरबी यांनी हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या तपासणीवर उघड बोट ठेवलं होतं. दोष कुणाच्या माथी मारायचा हा वाद मी इथं करत नाही. मला त्यात दिसतं ते एवढंच: बबल म्हणजे फक्त खेळाडू नव्हेत. खोली झाडणारा, ताट वाढणारा, बसचा ड्रायव्हर हे सगळे बबलमध्ये येतात. त्यांची तपासणी खेळाडूंइतकीच वेळेवर व्हायला हवी. खेळाडूंची टेस्ट रोज केली आणि वाढप्याची राहिली, तर खेळाडूंच्या टेस्टमधून फक्त नुकसान किती झालं तेवढंच कळतं.

त्या दिवशी डी. वाय. पाटीलच्या फलकावर दोन्ही संघांची नावं झळकायला हवी होती. वीस-बावीस वर्षांच्या पोरी हॉटेलच्या खोलीत बंद होत्या, बऱ्याच जणींना फारसा त्रासही नव्हता. मला ते आजही सहन होत नाही.

६. १३ खेळाडूंचा नियम फक्त आपल्यालाच लावला का? हा अन्याय नाही का?

नियम सगळ्यांना सारखाच होता आणि इतरत्रही असेच नियम होते. युरोपच्या फुटबॉल महासंघानं, यूएफानंही १३ चाच आकडा धरला होता, त्यात एक गोलरक्षक हवा. प्रीमियर लीगमध्ये १३ आणि वर एक गोलरक्षक. आपल्या आयएसएलमध्ये १५.

मोठ्या क्लबांनाही फटका बसला. डिसेंबर २०२१ मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅमच्या संघात साथ पसरली, फ्रान्सच्या रेन क्लबविरुद्धचा कॉन्फरन्स लीगचा सामना झाला नाही, नवी तारीख सापडली नाही, यूएफानं ०-३ असा पराभव देऊन टाकला आणि टॉटनहॅम बाहेर. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाचा संघ फेरो बेटांवर गेला, तिथं विलगीकरणात अडकला आणि न खेळताच ०-३ हरला.

तरीही माझं मत आहे की आपल्याला लागलेली शिक्षा जास्त कडक होती. टॉटनहॅमचा एक सामना गेला, आधीचे गुण तसेच राहिले. आपली सगळी स्पर्धाच पुसली गेली. ०-३ चा पराभव देऊन तिसरा सामना खेळू दिला असता तर निदान दार किलकिलं राहिलं असतं. इराणविरुद्धच्या बरोबरीचं काय झालं त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

७. मग मार्च २०२६ मध्ये आपली आशा किती? खरं खरं सांगा.

आशा आहे, आणि या वेळी ती कमावलेली आहे. २०२२ ला यजमान म्हणून थेट प्रवेश होता. या वेळी मुली पात्रता फेरी खेळून आल्यात, जून-जुलै २०२५ मध्ये थायलंडच्या चिआंग माईत. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०, आणि शेवटी यजमान थायलंडला त्यांच्याच घरात २-१. ती शेवटची मॅच ज्यांनी पाहिली नाही त्यांनी शोधून पाहा. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. पहिला लांबून मारलेला, गोलरक्षक हलायच्या आत जाळ्यात. थायलंड दोनदा विश्वचषक खेळलेला संघ आहे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकात पोचायची भारताची ही पहिलीच वेळ. प्रशिक्षक तेव्हा क्रिस्पिन छेत्री होते.

गटात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. जपाननं २०११ चा विश्वचषक जिंकलाय, तिथं गुणांची अपेक्षा ठेवू नये. फक्त गोल किती खातो याकडं लक्ष ठेवा, कारण पुढं गोलफरक मोजला जाणार. व्हिएतनाम २०२३ चा विश्वचषक खेळून आलाय, अवघड आहे पण अशक्य नाही. गणित तैपेईवर आहे. बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांपैकी दोन चांगले संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. म्हणजे एक विजय आणि आटोक्यातला गोलफरक एवढ्यावर आपण शेवटच्या आठांत जाऊ शकतो. आणि शेवटच्या आठांत गेलेल्यांना उपांत्यपूर्व सामना हरल्यावरही २०२७ च्या ब्राझील विश्वचषकासाठी आणखी एक संधी मिळते.

माझा अंदाज: गटात तिसरे, तैपेईवर एका गोलानं विजय. मनीषा कल्याण आणि आपल्या शेजारच्या तेलंगणची, निजामाबादकडची सौम्या गुगुलोथ, या दोघी बाजूंनी पळाल्या तर तैपेईच्या बचावाला घाम फुटेल. काळजी मधल्या फळीची आहे. पहिल्या अकरा चांगल्या आहेत, पण संगीताच्या जागी कोण? सत्तराव्या मिनिटाला दमलेल्या पोरीच्या जागी जी उतरेल ती कशी खेळते यावर आपलं भवितव्य ठरेल. २०२२ नं शिकवलेली गोष्ट माझ्या मते हीच. तेरावी-चौदावी खेळाडू भक्कम असली की साथ असो, दुखापत असो, पिवळं कार्ड असो, संघ उभा राहतो. एखाद्या संघाची आशा मोजताना मी आता पहिल्या अकरांकडं बघायच्या आधी बाकावर कोण बसलंय ते बघतो. तुम्हीही बघा.

८. लिव्हरपूलच्या टेस्ट खोट्या निघाल्या म्हणतात. मग टेस्टवर विश्वास कसा ठेवायचा?

जानेवारी २०२२ मधली गोष्ट. आर्सेनलविरुद्ध लीग कपची उपांत्य फेरी होती. लिव्हरपूलमध्ये भरपूर पॉझिटिव्ह निघाले, सराव केंद्र बंद झालं, सामना पुढं गेला. काही दिवसांनी त्यांचे तेव्हाचे प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनीच सांगितलं की त्यातले बरेच फॉल्स पॉझिटिव्ह होते, खरा पॉझिटिव्ह ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड. आर्सेनलवाले चिडले, ते मी समजू शकतो. पण यावरून टेस्ट म्हणजे थोतांड असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं पटत नाही.

हिशेब करून बघा. समजा टेस्ट ९९.५ टक्के वेळा निरोगी माणसाला निरोगी म्हणते. हजार निरोगी लोक तपासले तर पाच जण उगाच पॉझिटिव्ह निघणार. साथ जोरात असताना हजारात शंभर खरे रुग्ण असतात, तिथं हे पाच लपून जातात. साथ ओसरल्यावर हजारात एकच खरा असेल तर सहा पॉझिटिव्हपैकी पाच खोटे! टेस्ट तीच, चूक तेवढीच, अर्थ मात्र बदलला. म्हणून लक्षण नसलेल्या माणसाचा अनपेक्षित पॉझिटिव्ह आला की नवा स्वॅब घेऊन पुन्हा तपासायचं. एकाच दिवशी एकाच संघात ढिगानं आले तर खरी साथ किंवा प्रयोगशाळेतली गडबड, दोन्ही शक्यता असतात. दुसरा स्वॅब येईपर्यंत सगळ्यांना वेगळं ठेवणं हेच शहाणपण. लिव्हरपूलनं केलं ते चूक नव्हतं.

९. महिना झाला, ताप नाही, काही नाही, तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच. खेळाडूला किती दिवस बसवायचं?

रोनाल्डोच्या चाहत्यांना हे चांगलंच आठवत असेल. १३ ऑक्टोबर २०२० ला तो पोर्तुगालच्या संघात असताना पॉझिटिव्ह आला. २८ ऑक्टोबरला युव्हेंटसची बार्सिलोनाशी मॅच, समोर मेस्सी, आणि हा अजून पॉझिटिव्ह म्हणून घरी. पुढच्याच मॅचला, स्पेझियाविरुद्ध, उतरला आणि दोन गोल केले.

कारण असं की आरटीपीसीआर मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते. इथं सीटी व्हॅल्यू उपयोगी पडते. किती वेळा दुप्पट केल्यावर विषाणू दिसला तो हा आकडा. २० म्हणजे विषाणू भरपूर, ३३ म्हणजे अगदी थोडा. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट फरक. आयसीएमआरनं ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायचं ठरवलं होतं. पण नुसत्या सीटीवरून आजार किती गंभीर ते ठरवू नका, स्वॅब नीट घेतला की नाही यानंही आकडा हलतो.

आपल्याकडे मे २०२० पासूनच सौम्य रुग्णाला दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर, पुन्हा टेस्ट न करता सोडायचं धोरण होतं. मैदानावरही तेच धरावं. निगेटिव्ह रिपोर्टची वाट बघत महिनाभर पोराला बसवू नका. शरीर तयार आहे का ते बघा, त्यासाठी प्रश्न ११.

१०. इकडं सिव्हिलला लोक रांगेत आणि तिकडं फुटबॉलवाल्यांच्या आठवड्याला दोन टेस्ट. हे बरोबर होतं का?

२०२० च्या उन्हाळ्यात खासगी आरटीपीसीआरला ४५०० रुपयांपर्यंत मोजावे लागत. विडी वळणाऱ्या बाईची किंवा पॉवरलूमवर बसणाऱ्या माणसाची कित्येक दिवसांची मजुरी. मार्च २०२१ च्या शेवटी राज्यानं दर ५०० वर आणला तेव्हा दुसरी लाट दारात होती आणि पैसे असूनही रिपोर्टला दिवसच्या दिवस लागत होते. ज्यांच्या घरचं माणूस रिपोर्ट यायच्या आधी गेलं त्यांना मी फुटबॉलची बाजू पटवून देणार नाही. त्यांचा राग खरा आहे.

माझं मत एवढंच की टेस्टचा दुष्काळ असताना खेळ थांबायलाच हवा होता, आणि मार्च २०२० मध्ये तो थांबलाही. टेस्ट पुरेशा झाल्यावर लीगनं आपल्या खर्चानं तपासणी केली तर त्यात लोकांचं काही हिरावलं गेलं नाही. जिथं सार्वजनिक प्रयोगशाळेवर भार पडला तिथं ते चूक.

आणि भरपूर टेस्ट फक्त श्रीमंत क्लबच करू शकतात असंही नाही. मोहोळ तालुक्यातलं घाटणे आणि दक्षिण सोलापुरातलं अंत्रोळी आठवा. सरपंच ऋतुराज देशमुख आणि कोमल करपे, दोघंही अगदी तरुण. घरोघरी चौकशी, वेळेवर तपासणी, सापडला की लगेच वेगळा. मे २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी या गावांचं नाव घेऊन कौतुक केलं. कोट्यवधींच्या बबलला जे जमलं नाही ते आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी करून दाखवलं. मला त्याचा फार अभिमान आहे.

११. पोराला ताप येऊन गेला, रविवारी मॅच आहे. उतरवू का?

या प्रश्नात घाई करू नका. कोविड असो की दुसरा विषाणूजन्य ताप, नियम सारखाच. लक्षणं असेपर्यंत मैदान बंद. लक्षणं गेल्यावर लगेच ९० मिनिटं नाही. आधी चालणं, मग हलकं धावणं, मग चेंडूबरोबर सराव, मग संघासोबत, असं आठवडाभरात चढवत न्यायचं. चार दिवस किंवा जास्त ताप होता, किंवा दवाखान्यात भरती करावं लागलं होतं, तर खेळायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

धावताना छातीत दुखलं, धडधड झाली, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर तिथंच थांबवा आणि ईसीजी काढून घ्या. विषाणूमुळे कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि अशा हृदयावर जोराचा ताण जिवावर बेतू शकतो. क्वचित होतं, पण कुठल्या पोराला होईल हे बाहेरून दिसत नाही. त्यात आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन. आजारातून उठलेल्या पोराला दुपारच्या मॅचला उतरवणाऱ्या कोचशी मी भांडतो आणि भांडत राहीन.

१२. त्या काळातल्या ट्रॉफ्या खऱ्या धरायच्या का? रिकाम्या स्टेडियममधलं जिंकणं ते काय जिंकणं?

खऱ्या. लिव्हरपूल लीग थांबली तेव्हाच २५ गुणांनी पुढं होता, ३० वर्षांनी आलेलं ते विजेतेपद कुणी हिसकावू शकत नाही. मुंबई सिटीनं २०२०-२१ ला गोव्यातल्या बबलमध्ये शिल्ड (साखळीत पहिला येणाऱ्या संघाचं बक्षीस) आणि चषक दोन्ही जिंकले, अंतिम सामन्यात बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल.

पण तक्ता वाचताना टेस्टचा इतिहासही वाचावा, हे खरं. जर्मनीत दुसऱ्या श्रेणीतल्या डायनॅमो ड्रेस्डेनचे दोघे मे २०२० मध्ये पॉझिटिव्ह निघाले आणि स्थानिक आरोग्य खात्यानं सगळ्या संघाला दोन आठवडे घरी बसवलं. बाकीचे संघ खेळायला लागले होते. नंतर ड्रेस्डेनला धडाधड सामने खेळावे लागले आणि तो शेवटचा राहून खाली गेला. दुसरीकडं फक्त पॉझिटिव्ह खेळाडूला वेगळं करून बाकीचे खेळत होते. एकाच देशात गावागणिक वेगळा न्याय.

आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये केरळा ब्लास्टर्स सलग दहा सामने न हरता वर पोचला होता. साथ आली, दोन सामने पुढं गेले, १८ दिवस मैदानाबाहेर राहून उतरला आणि बंगळुरूकडून ०-१ हरला. शेवटी तक्त्यात चौथा आला, तरी अंतिम फेरीत पोचला आणि तिथं हैदराबादच्या कट्टीमणीनं पेनल्टीवर तीन फटके अडवले. त्या मोसमात मला सगळ्यात भावलेला संघ केरळाच, हैदराबाद जिंकल्याचा आनंद असूनही.

१३. इराणविरुद्धची ती ०-० बरोबरी कुठं गेली? आणि संघ पूर्ण असता तर आपण नक्की पुढं गेलो असतो ना?

बरोबरी रद्द झाली. संघानं माघार घेतली असं धरल्यावर त्याचे सगळे सामने निकालातून काढून टाकले जातात, त्यामुळे इराणचाही तो गुण गेला.

दुसऱ्या भागाचं उत्तर अनेकांना आवडत नाही, पण द्यायलाच हवं. नक्की नाही. त्याच इराणला चीननं ७-० आणि तैपेईनं ५-० हरवलं. आपल्याला त्यांच्याविरुद्ध एकही गोल करता आला नव्हता. तैपेई उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि बालेवाडीत फिलिपाइन्सकडून पेनल्टीवर हरला. फिलिपाइन्स तिथून विश्वचषकाला गेला आणि न्यूझीलंडला त्यांच्याच देशात १-० हरवून आला. म्हणजे वाट आपल्याइतक्याच लहान संघाला सापडली होती. आपण हरलो असतो तर मैदानात हरलो असतो. त्या हरण्यातूनही काही शिकता आलं असतं. विषाणूनं ती संधी घेतली, याचं दुःख आहे. आपण जिंकलोच असतो, असा माझा दावा नाही.

१४. खेळाडू निगेटिव्ह आहे, पण प्रवासाची माहिती लपवली. मग?

मग ब्राझील-अर्जेंटिनासारखं होतं. ५ सप्टेंबर २०२१, साओ पावलो, विश्वचषक पात्रता. सामना सुरू होऊन काही मिनिटं झाली आणि ब्राझीलच्या आरोग्य यंत्रणेचे अधिकारी थेट मैदानात शिरले. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या अर्जेंटिनाच्या चौघांनी प्रवासाची खरी माहिती दिली नाही आणि विलगीकरणाचा नियम मोडला, असा आरोप होता. सामना थांबला तो थांबलाच, पुढं कधीच खेळला गेला नाही. निगेटिव्ह रिपोर्ट असला तरी नियम मोडायची मुभा मिळत नाही. प्रश्न ४ मध्ये सांगितलंय तसं, काल लागण झालेला आज निगेटिव्ह असू शकतो.

१५. आता कोविड संपला ना? मॅचआधी टेस्ट करायची गरज काय?

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू गेलेला नाही, पण रोगप्रतिकारशक्ती वाढलीय. त्यामुळे गावातल्या मॅचला सरसकट टेस्ट नको. घरी आजी-आजोबा, डायलिसिसवरचं किंवा कॅन्सरवर उपचार घेणारं कुणी असेल आणि पोराला ताप-खोकला असेल, तर टेस्ट करून घ्या. घरच्या घरी करायच्या किटला मे २०२१ पासून परवानगी आहे, पहिली पुण्याच्या मायलॅबची होती. वापराची तारीख बघून घ्या आणि निगेटिव्ह आली तर प्रश्न ३ पुन्हा वाचा.

१६. ताप नाही, फक्त खोकला आहे, टेस्ट निगेटिव्ह आहे. खेळवत नाही, पण बाकावर तरी बसू द्यावं का? संघात अकराच जण आहेत.

बसू देऊ नये. बाकावर पाण्याची बाटली एक, टॉवेल एक, सगळे खांद्याला खांदा लावून बसलेले. खोकणारा पोरगा तिथं बसला की पुढच्या रविवारी तुमच्याकडे आठ जण उरतात. त्याला घरी पाठवा, मॅचचा व्हिडिओ पाठवा.

आणि संघात अकराच असतील तर अडचण खोकल्याची नाही, नोंदणीची आहे. स्पर्धेचा अर्ज भरताना किमान सोळा नावं लिहा, त्यात दोन गोलरक्षक. सोळाही जणांना सरावाला बोलवा आणि प्रत्येक मॅचला बाकावरच्या दोघांना तरी अर्धा तास खेळवा. नावं कमी पडत असतील तर शेजारच्या शाळेत विचारा. फुटबॉल खेळायचंय पण कुणी बोलावलं नाही, अशी पोरं आणि पोरी सोलापुरात प्रत्येक पेठेत आहेत.